बट्टा

आमचं आडनाव पोतदार.
म्हणजे पूर्वी कुणीतरी नाणी दगडावर आपटून
कानाने खरंखोटं ठरवायचं.
मी बँकेच्या मांडवी शाखेत चौतीस वर्षं
काचेमागे बसून बोटांनी ठरवलं.
कानांचं काम पडलं नाही,
नोटा नुसत्या कुजबुजतात.

मार्तंडकाका गेल्यावर त्यांच्या लोखंडी पेटीत निघाली
एक मोडी वही, एक कसोटी
आणि कापसात गुंडाळलेलं तांबं,
कडेला झिजलेलं, आमसुलासारखं काळं.
एका बाजूला कुठल्याशा राजाचं नाक.
दुसरीकडे काटेरी बोंड, त्यावर मुकुट.
मला तो आपला उंटकटाराच वाटला,
छाणीकडे जाताना रुळांच्या कडेला उगवतो तो.

वही वाचून दिली दांडिया बाजारातल्या फणसे मास्तरांनी.
मॅक्फी साहेब, दभोईच्या छोट्या रेल्वेचे,
दर पंधरवड्याला कलदार घेऊन पेढीवर येत.
मजूर कलदार घेत नसत, बाबाशाहीच मागत:
त्यावरची वाकडी तलवार त्यांच्या ओळखीची.
शंभराला एकशे कितीतरी. भाव रोज हलायचा,
सकाळी लहरीपुऱ्यात एक,
दुपारी घडियाळी पोळात दुसरा.

एकदा साहेबांना बट्ट्याचे साडेतीन आणे कमी पडले.
खिशातून त्यांनी हे काढून ठेवलं.
पणजोबांनी कसोटीवर घासलं, फरशीवर टाकलं,
म्हणाले, याचं इथे काही येत नाही.
साहेब म्हणाले, तिथेही येत नाही.

पुढचं सगळं समासात आहे, बारीक अक्षरात,
कागद महाग असताना:
साहेबांच्या मुलखाचंही वेगळं राज्य होतं, वेगळी टांकसाळ.
शेजारी मोठं राज्य.
यांचा पौंड झिजत झिजत
त्यांच्या पौंडाच्या बाराव्या हिश्शाला आला.
मग दोन दरबारांनी सह्या केल्या
आणि यांची चांदी गोळा करून वितळवली.
हे नाणं बॉबी नावाचं, चिल्लर,
साहेबांच्या पणजीच्या पणजीने पिठात लपवलेलं.
बोंडाभोवती लॅटिनमध्ये लिहिलंय,
मला डिवचाल तर बोचेन.

पणजोबा हसले असावेत. वहीत हसू मांडत नाहीत.
एवढंच मांडलंय: 'बारास एक. आपले बरे.'

पुढे वीसेक वर्षांत आपलेही गेले.
कलदार राहिला, मग तोही गेला.
आणे गेले, ढब्बू गेले, चवली-पावली गेली.
एका नोव्हेंबरात माझ्या काउंटरवरून
पाचशेच्या गड्ड्या गेल्या, तांदळाचा वास येणाऱ्या.
एक बाई काचेला नाक लावून म्हणाली,
'बेन, काले तो चालती'ती.'

बोलण्यातून मात्र कुणी गोळा करत नाही.
चार आण्याची कोंबडी
अजून बारा आण्यांचाच मसाला खाते, महागाई असून.
छदाम कुणी पाहिलेला नाही,
तो जवळ नसलेली माणसं पुष्कळ.

साहेब परत आले नाहीत.
बदली की ताप, नोंद नाही.
नोंद आहे ती अशी: 'मॅक्फी, तारण, तांबे, नग १.'
रकमेचा रकाना कोरा.

मी कधी रकाना कोरा सोडला नाही.
एक रुपया जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेय,
आणि पर्समधला टाकायचा नाही, तोही नियम पाळलाय.
पेन उघडलं. मांडवीतल्या जव्हेऱ्याला भाव विचारला,
तो तांब्याच्या दराने तोलायला तयार होता.

काल रात्री मी ते स्वयंपाकघरातल्या कोट्यावर टाकलं.
खणखणलं नाही. बद्द वाजलं,
मग कडेवर उभं राहून गोल गोल फिरलं
आणि फ्रिजखाली गेलं.
खराट्याच्या काडीने काढलं.
नाक वर होतं, त्यावर जाळं.

पेन मिटवून ठेवलंय.
साडेतीन आणे अजून येणे.